चखण्याला इतिहास!

मुंबईस गेलेल्या जळगाव-धुळ्याच्या तरुणांना हल्ली कुलाब्याच्या लिओपोल्ड कॅफेचे मोठे आकर्षण असते. १८७१ साली इराण्यांनी सुरू केलेले हे उपाहारगृह. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री पाकिस्तानी अतिरेक्यांनी येथे निरपराधांचे रक्त सांडले. मालकांनी काही दिवसांतच दारे पुन्हा उघडली, भिंतींवरील गोळ्यांच्या खुणाही जपल्या. ते धैर्यच होते. प्रश्न आहे तो त्या खुणांपुढे बिअरचा चषक उंचावून छायाचित्रे काढणाऱ्यांचा. मृत्यूच्या खुणांना 'वातावरण' मानून त्यांचा आस्वाद घ्यायचा, हे कसले इतिहासप्रेम?

तेथून गिरगाव चौपाटी दूर नाही. हाती केवळ लाठी असताना, गोळ्या झेलूनही कसाबची बंदूक न सोडणाऱ्या तुकाराम ओंबळे यांचा पुतळा तेथे आहे. या मंडळींपैकी किती जणांची पावले तिकडे वळतात?

मुंबईचे राहू द्या. १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली ती धुळ्याच्या तुरुंगात. ती टिपून घेतली साने गुरुजींनी. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२६ साली देह ठेवला तो धुळ्यातच. त्यांनी गावोगाव हिंडून जमविलेली कागदपत्रे तेथील राजवाडे संशोधन मंडळाने जतन केली आहेत. ती पाहायला पैसा नव्हे, जिज्ञासा लागते.

इतिहास हा मद्याबरोबर तोंडी लावण्याचा पदार्थ नव्हे. तो ऋण आहे, आणि ऋण फेडायचे असते. खान्देशच्या तरुणाने मुंबईची गाडी पकडण्यापूर्वी एकदा धुळ्याच्या या वास्तूची पायरी चढावी!