ड्रिल नंतर, आधी बॅटरी निवडा



दुकानात नवीन फिटर आला की पहिला प्रश्न ठरलेला. "दादा, बॉश घेऊ, मकिता घेऊ की डीवॉल्ट?" मी सांगतो, तिन्ही कंपन्यांची धंद्यासाठीची मशीन चांगली आहेत. तू मशीन नको बघू, बॅटरी बघ.

का ते सांगतो. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला सहसा बसत नाही. एकाच कंपनीतही बसेलच असं नाही. बॉशची निळी आणि हिरवी मशीन घ्या, दोघांच्या 18 व्होल्ट बॅटऱ्या वेगळ्या. मकिताची 18 व्होल्टची एलएक्सटी बॅटरी 40 व्होल्टच्या एक्सजीटी मशीनला चालत नाही. म्हणजे पहिलं ड्रिल घेतानाच पुढची काही वर्षं तुमचे पैसे कुणाकडे जाणार ते ठरतं.

माझा एक गिऱ्हाईक किचन ट्रॉल्या बसवतो. जिथे ऑफर दिसली तिथून त्याने माल उचलला. ड्रिल एका कंपनीचं, ग्राइंडर दुसरीचा, जिगसॉ तिसरीचा. एका साइटवर लाइट नव्हती आणि ड्रिलची बॅटरी उतरली. ग्राइंडरची बॅटरी फुल चार्ज होती, पण उपयोग शून्य! दोन हेल्परची हजेरी अंगावर पडली. ऑफरमध्ये वाचवलेले पैसे एका दिवसात गेले.

मग तुलना करायची कशी? चार गोष्टी बघा.

1. व्होल्टच्या आकड्याला भुलू नका. "20 व्होल्ट मॅक्स" आणि "18 व्होल्ट" यांत बहुतेक वेळा फरक नसतो. आत तेच पाच सेल. फुल चार्ज असताना 20, काम करताना सरासरी 18.

2. अँपिअर-अवर बघा. 18 व्होल्टची 2 एएच बॅटरी म्हणजे 36 वॉट-अवर, 4 एएच म्हणजे 72. एका किटमध्ये 2 ची आणि दुसऱ्यात 4 ची बॅटरी असेल, तर त्या दोन किमतींची तुलनाच होत नाही.

3. नुसत्या मशीनचा दर विचारा. बॅटरी-चार्जरशिवाय मिळतं ते सोलो मशीन. पहिलं किट घ्या, पुढची सगळी सोलो घ्या. खरी बचत तिथे आहे.

4. सर्व्हिस सेंटर किती लांब? तुमच्या तालुक्यातून तिथे जायला एक दिवस मोडत असेल, तर तो खर्चही मशीनच्या किमतीत धरा. वॉरंटी कार्डही वाचा. घरगुती वापराच्या मशीनची वॉरंटी धंद्यातल्या वापराला बऱ्याचदा लागू होत नाही.

स्वस्त ब्रँड वाईटच, असं माझं म्हणणं नाही. पण दुकानदाराला एकच विचारा: "हीच बॅटरी सुटी आज तुमच्याकडे आहे का?" तो अडखळला, तर तुम्ही थांबा. बॅटरी कधीतरी संपणारच. नवी मिळाली नाही तर चांगलं मशीनही भंगारात जातं.

आणि एक, माझ्या धंद्याला परवडणारं नसलं तरी सांगतो. तुमचं काम वर्कशॉपमध्ये एकाच टेबलावर चालत असेल, तर कॉर्डलेस घेऊच नका. वायरवालं मशीन घ्या आणि उरलेलं भांडवल मालात घाला. हौस नंतर करता येते, भांडवल एकदाच असतं.