धावपट्टीअलीकडची रांग

ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान कीर स्टार्मर मुंबईत आले, राजभवनात पंतप्रधान मोदींशी त्यांची चर्चा झाली आणि दुसऱ्या दिवशीचे मथळे व्यापार कराराने व्यापले. संयुक्त निवेदनातल्या संरक्षणाच्या परिच्छेदातलं एक वाक्य मात्र फारसं कुणी वाचलं नाही. भारतीय हवाई दलाचे उड्डाण-प्रशिक्षक रॉयल एअर फोर्सच्या प्रशिक्षणात सामील होणार, असं ते वाक्य. १९३२ साली भारतीय हवाई दल उभं राहिलं तेव्हा आपले पहिले वैमानिक इंग्लंडातल्या क्रॅनवेलमध्ये घडले होते. आता त्याच इंग्लंडला आपले मास्तर हवेत! छाती थोडी फुगवायला हरकत नाही. पण मास्तर का कमी पडले, ही गोष्ट जास्त उद्बोधक आहे आणि आपल्या अंगाशी येण्याइतकी जवळची आहे.

ब्रिटनमध्ये निवड झालेला तरुण सुरुवातीचं अधिकारी-प्रशिक्षण पूर्ण करतो, सलामी ठोकतो आणि मग उड्डाण शिकायची वाट पाहत बसून राहतो. विमान नाही, प्रशिक्षक नाही किंवा पुढच्या तुकडीत जागा नाही. तिकडच्या भाषेत तो ‘होल्ड’वर असतो. २०१९ मध्ये असे सुमारे ३५० जण होते. त्याच वर्षी तिथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसने हिशेब मांडला, तेव्हा लढाऊ जेटचा वैमानिक ३.९ वर्षांत तयार व्हायला हवा असताना प्रत्यक्षात सरासरी ७.१ वर्षं लागत असल्याचं बाहेर आलं. मधली तीन वर्षं कुठे गेली? बरीचशी रांगेत.

ही रांग आभाळातून पडली नाही. २००८ मध्ये ब्रिटिश सरकारने लष्करी उड्डाण-प्रशिक्षणाचं पंचवीस वर्षांचं कंत्राट ‘असेंट’ या कंपनीला दिलं. लॉकहीड मार्टिन आणि बॅबकॉक यांची ही भागीदारी. दोनच वर्षांत, २०१० च्या संरक्षण आढाव्यात, काटकसरीची कुऱ्हाड चालली. हॅरियर विमानं निवृत्त झाली, निम्रॉड या टेहळणी विमानाचा नवा प्रकल्प गुंडाळला गेला आणि इतके वैमानिक लागणारच कशाला, असा निष्कर्ष निघाला. २०११ मध्ये पावणेदोनशेच्या आसपास प्रशिक्षणार्थींना घरचा रस्ता दाखवायचं ठरलं. त्यातले काही तर अगदी शेवटच्या टप्प्यावर होते. प्रशिक्षणव्यवस्थाही त्याच मापाने आखूड शिवली गेली. पुढे २०१५ च्या आढाव्यात वारं फिरलं. टायफूनच्या आणखी दोन स्क्वाड्रन हव्यात, पी-८ टेहळणी विमानं हवीत, एफ-३५ ही येणार. वैमानिकांची मागणी वाढली, पण शिकवायची सोय जुन्याच मापाची राहिली.

त्यात भर पडली इंजिनाची. वेल्समधल्या अँगलसी बेटावर व्हॅली नावाचा तळ आहे. लढाऊ वैमानिक तिथे हॉक टी-२ या विमानावर घडतात. विमानं सगळी मिळून २८. त्यांच्या अडूर इंजिनातल्या भागांचं आयुष्य अपेक्षेपेक्षा खूप कमी भरलं आणि २०२२ पासून उडण्याजोग्या विमानांची चणचण सुरू झाली. तेव्हाचे संरक्षणमंत्री बेन वॉलेस यांनी हवाई दलप्रमुखांना प्रशिक्षणाचं हे गाडं मार्गी लावण्याचं काम अग्रक्रमाने सोपवलं होतं. काही मुलांना टेक्सासमधल्या नाटोच्या शाळेत धाडलं, काहींना इटलीच्या सार्डिनिया बेटावर. रांग आटली नाही.

रांगेत उभं राहणं म्हणजे नेमकं काय, हे जरा जवळून पाहायला हवं. विशी ओलांडलेला अधिकारी. अंगावर गणवेश आहे, छातीवर पंख नाहीत. त्याला कुठल्या तरी स्क्वाड्रनच्या ऑपरेशन्स रूममध्ये बसवतात. कोण केव्हा उडालं, केव्हा उतरलं, याच्या नोंदी तो ठेवतो. भिंतीपलीकडे त्याच्यापेक्षा वर्षभराने मोठी मुलं हेल्मेट काखेत मारून निघतात. तळावर पाहुणे येणार असले की खुर्च्यांची मांडणी त्याच्याकडे. पगार चालू असतो, त्यामुळे तक्रार करायलाही तोंड नाही. एखाद्या टप्प्याचं शिक्षण होऊन मध्येच थांबावं लागलं तर आणखी पंचाईत होते, कारण उड्डाणाचं कसब वापराविना गंजतं. पुन्हा सुरुवात करताना उजळणीची उड्डाणं द्यावी लागतात आणि ती देण्यासाठी तीच तुटपुंजी विमानं, तेच तुटपुंजे मास्तर लागतात. म्हणजे एकाची उजळणी झाली की मागच्याची रांग आणखी लांबते.

माणूस मोठा काळ थांबू शकतो. पण कधीपर्यंत थांबायचं ते त्याला ठाऊक असावं लागतं. अठरा महिने सांगून अठरा महिने थांबवलं तर पोरगा पदव्युत्तर पदवी घेईल, एखादी परकी भाषा शिकेल, लग्नसुद्धा उरकून घेईल. ‘पुढच्या तिमाहीत बघू’ असं सहा वेळा सांगून तितकेच महिने काढायला लावले तर यातलं काहीच होत नाही. तो फक्त फोनकडे बघत राहतो.

थांबणाऱ्याचं मन ब्रिटनला एके काळी कळत होतं. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलासाठी निवडलेल्या मुलांना प्रशिक्षणाची जागा रिकामी होईपर्यंत महिनोन्‌महिने घरी पाठवत असत. युद्ध चालू असताना धडधाकट पोरगा घरी दिसला की शेजारीपाजारी टोचून बोलणार. म्हणून त्याला कोटावर लावायला एक छोटा चंदेरी बिल्ला दिला जाई. हा पळपुटा नाही, याची पाळी यायची आहे, एवढंच तो बिल्ला सांगे. बोलावणं आलं की लंडनला हजर व्हायचं, तेही थेट लॉर्ड्सच्या क्रिकेट मैदानावर. १९४१ पासून भरतीचं केंद्र तिथेच होतं. जेवायला जवळच्या रीजंट्स पार्कातल्या प्राणिसंग्रहालयाच्या उपाहारगृहात नेत. पुढे मँचेस्टरच्या हीटन पार्कमध्ये कॅनडा किंवा दक्षिण आफ्रिकेला नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत हजारो जण पुन्हा ताटकळत. बिल्ल्याने रांग काही कमी झाली नाही. पण थांबणाऱ्याची नाचक्की होऊ नये, याचा विचार कुणीतरी केला होता.

आता आपल्या अंगणात येऊ. भारतीय हवाई दलाला प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवं, अशी शिफारस ला फाँतेन समितीने १९८२ मध्ये केली. कराराला २००४ उजाडलं आणि पहिली हॉक विमानं बिदरला सेवेत आली ती २००८ मध्ये. दरम्यान पोरं किरणसारख्या संथ विमानावरून तेजपूरला जाऊन एकदम मिग-२१ वर बसत होती. त्या उडीची किंमत कितीतरी घरांनी मोजली. आपल्याकडची हॉक येईपर्यंत आपल्या काही तुकड्या शिकायला गेल्या त्या याच व्हॅलीला. तेव्हा आपण तिकडे शिकायला गेलो, आता शिकवायला जाणार. दैवाचा हा फेरा विमानांच्या बाबतीतच दिसतो असं नाही, पण इथे तो फारच स्वच्छ दिसतो.

पायाभूत प्रशिक्षणाची कथाही तीच. २००९ मध्ये एचपीटी-३२ विमानं अपघातांमुळे जमिनीवर आली. स्विस पिलाटस यायला २०१३ उजाडलं. ७५ घेतली, त्यातल्या काहींच्या इंजिनातून तेल गळत असल्याचं कॅगने नोंदवलं. त्याच अहवालात वैमानिकांची तूट २०१५ मधल्या ४८६ वरून २०२१ अखेर ५९६ वर गेल्याची नोंद आहे. तूट भरून काढायची तर जास्त मुलं घ्यायला हवीत, त्यांना शिकवायला विमानं हवीत आणि विमानं तर नाहीत. स्वदेशी एचटीटी-४० चं पहिलं उड्डाण २०१६ चं, ७० विमानांचा करार मार्च २०२३ चा. मग परदेशी इंजिनांच्या पुरवठ्यामुळे वेळापत्रक घसरलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकजवळ ओझरच्या एचएएलमध्ये या विमानाची दुसरी उत्पादनसाखळी सुरू झाली, ही त्यातली खरोखर चांगली बातमी. ओझरला किती विमानं वेळेत बाहेर पडतात, यावर दुंडीगलच्या अकादमीत किती मुलं वेळेत उडतील ते ठरेल.

महाराष्ट्रात या वाटेकडे डोळे लावून बसलेली मुलं-मुली कमी नाहीत. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून मुलांना सैन्यदलांच्या वाटेसाठी तयार करते. पण लेखी परीक्षा, मुलाखतीचे पाच दिवस, आयुष्यात एकदाच देता येणारी संगणकीय वैमानिक-चाचणी, ‘मांडी ६४ सेंटीमीटरपेक्षा लांब नको’ अशी वैद्यकीय तपासणी, एवढं सगळं पार केलं तरी मुलगा फक्त ‘रेकमेंड’ झालेला असतो. निवडला गेला असं नाही. मेरिट लिस्ट लागायची असते. यादीत नाव नसलं तर ‘मेरिट आउट’, की पुन्हा पहिल्यापासून. एएफकॅट या प्रवेश परीक्षेच्या वाटेने उड्डाण शाखेत जायचं तर वयाची अट २० ते २४ ची; व्यावसायिक परवाना असेल तर २६ पर्यंत. नातेवाईक विचारतात, ‘काय रे, लेटर आलं का?’ आणि चोविसावा वाढदिवस जवळ येत राहतो.

अशा मुलांना सल्ले देणाऱ्यांचा तुटवडा नाही. धावत राहा, वजन सांभाळ, डोळे जप, पदवी अर्धवट सोडू नकोस, दुसरी नोकरी हाताशी ठेव. सल्ले वाईट नाहीत; शेवटचा तर फारच शहाणपणाचा, आणि तो पाळला म्हणून देशप्रेम कमी होत नाही. पण वाट पाहण्याचं सगळं ओझं वाट पाहणाऱ्याच्याच खांद्यावर टाकून यंत्रणा मोकळी होते, हे खटकतं. विमानाच्या सुट्या भागांना उशीर झाला तर कंत्राटदाराला दंड असतो. मुलाची दोन वर्षं गेली तर ती ‘संयमाची परीक्षा’ ठरते.

करण्यासारखं बरंच आहे आणि ते महागडंही नाही. थांबलेल्यांना ठरावीक तारीख द्यावी, ती चुकली तर लेखी कारण द्यावं. यंत्रणेमुळे वाया गेलेले महिने वयाच्या अटीतून वजा करावेत. थांबलेल्या काळात ग्लायडरवर का होईना, हवेत ठेवावं. आणि किती जण किती महिने थांबले, हा आकडा दर वर्षी संसदेपुढे ठेवावा. संरक्षणाच्या बाबतीत असं उघड करणं बरं नव्हे, असं यावर कुणीतरी म्हणेलच. ब्रिटनने आपला आकडा छापला. त्याने तिथल्या शत्रूंचं काही विशेष भलं झाल्याचं ऐकिवात नाही. झालं एवढंच, की मंत्र्याला खडबडून जागं व्हावं लागलं.