उसाच्या हंगामातली सायकल

दिवाळी आटोपली की परतूर तालुक्यातल्या आष्टीच्या रस्त्यांवर दोन गोष्टी एकदमच सुरू होतात: शाळांचे दुसरे सत्र आणि उसाचे गाळप. जायकवाडीचा डावा कालवा आणि गोदावरीवरचे बंधारे यांनी हा पट्टा उसाचा केला. रात्रभर भरलेल्या ट्रॉल्या कारखान्यांकडे निघतात, आणि त्याच रस्त्याने सकाळी वाड्यावस्त्यांवरच्या मुली सायकलवरून आष्टीकडे येतात. जानेवारीत इकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. शनिवारची सकाळची शाळा गाठायची तर मुलीला अंधारातच पेडल मारावे लागते.

थंडीत सायकल चालवणे म्हटले की बर्फाचे देश आठवतात. फिनलंडमधले औलू हे शहर त्यासाठी जगभर ओळखले जाते; हिवाळी सायकलिंगची पहिली जागतिक परिषद 2013 साली तिथेच भरली. तिथला पारा शून्याच्या बराच खाली जातो, तरी शाळकरी मुले सायकलवरच असतात. कारण साधे आहे. लोकांची सकाळची वर्दळ सुरू होण्याआधी सायकलवाटांवरचा बर्फ यंत्राने सारून, दाबून घेतात आणि वर बारीक खडी टाकतात. म्हणजे सायकलस्वाराला थंडी अडवत नाही. रस्त्यावर काय पडले आहे आणि ते कोणी उचलले, यावर सगळे ठरते.

हाच प्रश्न आष्टीच्या रस्त्याला विचारून पाहा. डिसेंबर 2018 च्या अखेरीस शेजारच्या परभणीत पारा 3 अंशांच्या आसपास उतरला होता, तरी डांबरावर बर्फ काही धरला नाही. आपल्याकडे दव पडते. पाणी दिलेल्या फडातून ट्रॅक्टर बाहेर येतो तेव्हा त्याच्या चाकांबरोबर काळ्या मातीचे ढेपळे डांबरावर येतात. ही माती पाणी पिऊन फुगते आणि ओली असताना चाकाखाली साबणासारखी सरकते. त्यात ट्रॉलीतून गळालेले ऊस, ठेचलेली वाढी, ओले पाचट. वळणावर यातल्या कशावरही पुढचे चाक गेले आणि त्याच क्षणी पुढचा ब्रेक दाबला, की सायकल सावरत नाही. बर्फावर चालवणारेही वळणात पुढचा ब्रेक टाळतात ते याचसाठी.

म्हणून आपल्या सायकल दुरुस्तीच्या व्यवसायातल्या प्रत्येक कारागिराला आमचे आग्रहाचे सांगणे आहे: दिवाळीच्या सुट्टीत गावातल्या सायकली मागवून घ्या. पंक्चर झाल्याशिवाय सायकल दुकानात येत नाही, हे आपण सगळे जाणतो. पण या सुट्टीत ती घरी नुसती उभी असते, आणि पुढचे चार महिने तिच्यासाठी वर्षातले सर्वांत अवघड असतात.

सुरुवात ब्रेकपासून करा. रात्रभर अंगणात राहिलेल्या सायकलच्या रिमवर दव बसते, आणि ओल्या पोलादी रिमवर ब्रेकची रबरे पहिले काही फेरे नुसती घसरतात. रबर कडक, चकचकीत झाले असेल तर घासत बसू नका, बदला. रॉड ब्रेकची ओढ सारखी करा, चाकाचा आऊट आधी काढा. चाक डुलत असेल तर रबर आणि रिममधले अंतर कधीच नीट बसत नाही. आणि मुलीला एवढे शिकवून पाठवा: निघाल्यावर पहिल्या वळणाआधी ब्रेक दोनतीनदा हलके दाबायचे, म्हणजे रिम पुसली जाते. गुळगुळीत झालेला टायर पावसाळ्यात कसाबसा चालला असेल, ओल्या काळ्या मातीवर चालणार नाही. मागचा नवा आणि पुढचा जुना ठेवण्याची आपली सवयही इथे मोडायला हवी. घसरताना जीव पुढच्या चाकावर असतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे दिसणे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून 23 जिल्ह्यांच्या 125 तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात; शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींसाठी ही योजना आहे, आणि जालना जिल्ह्यातही तिने मुलींच्या शाळेचा रस्ता बदलला. पण साध्या सायकलला दिवा नसतो. डायनॅमो तर गेलाच. 2020 मध्ये केंद्राने सायकलच्या रिफ्लेक्टरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला, ही चांगली गोष्ट झाली; मात्र मागचा रिफ्लेक्टर धड असला तरी कॅरिअरवर दप्तर बांधले की तो झाकला जातो. तो कॅरिअरखाली, मडगार्डवर उतरवा. त्याच्याखाली जुन्या सायकलींना असायचा तसा पांढरा पट्टा रंगवा. दोन्ही चाकांच्या तारांना, पेडलना रिफ्लेक्टर लावा. हलणारा ठिपका ड्रायव्हरच्या नजरेला लवकर लागतो.

ट्रॉलीचेही अगदी असेच होते. मागे लोंबणाऱ्या उसाने तिचे दिवे आणि पट्ट्या झाकल्या जातात. ताशी पंधरा किलोमीटरने जाणारी सायकल सेकंदाला चार मीटर पुढे सरकते. धुक्यात उभी ट्रॉली दिसेपर्यंत ब्रेकला वेळ उरत नाही. उसाच्या टोकाला लाल चमकणारे कापड बांधणे हा उपाय स्वस्त आहे आणि तो कारखान्याच्या शेतकी विभागाने सक्तीचा करावा, ही आमची मागणी आहे. तोपर्यंत तुमच्या दुकानासमोर चहाला थांबणाऱ्या चिटबॉयला आणि ट्रॅक्टरवाल्याला तुम्ही सांगू शकता. ते तुमचे ऐकतील, कारण त्यांच्याही घरची सायकल तुमच्याकडेच येते.

रस्त्यावरचे ढेपळे उचलण्याचे काम कोणाचे, हे मात्र अजून कोणीच अंगावर घेतलेले नाही. फडाचा रस्ता डांबराला मिळतो तिथेच माती सांडते. त्या जागा मोजक्या आहेत आणि गावात सगळ्यांना ठाऊक आहेत. तिथे मुरूम आणि खडीचा काही मीटरचा पट्टा टाकला तर चाकांची माती बरीचशी तिथेच झडते. ग्रामपंचायतीने ऊसतोड सुरू होण्याआधी हे करावे, असा ठराव येत्या ग्रामसभेत मांडायला कारागिरांनीच उभे राहावे. कोणत्या वळणावर घसरून वाकलेले चिमटे आपल्याकडे येतात, हे त्या सभेत त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला माहीत नसते.