करंडक नको, किल्ल्या द्या

"चाहत्यांनी गाणी म्हणावीत, तिकिटं काढावीत, वाटल्यास शिव्याही घालाव्यात, पण क्लब चालवणं हे त्यांचं काम नव्हे." स्कॉटलंडमध्ये राहायला आल्यापासून हे मत मी माजी खेळाडूंकडून ऐकलं, वर्तमानपत्रांतल्या स्तंभलेखकांकडून ऐकलं आणि सगळ्यात जास्त वेळा खुद्द चाहत्यांकडून ऐकलं. संघ ओळीने तीन सामने हरला की माझ्याच रांगेतून आवाज येतो, "आता कुणीतरी पैसेवाला मालक आणा." या मागणीइतकी आत्मघातकी मागणी दुसरी नाही. ती किती आत्मघातकी आहे हे सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

मी मूळचा पुण्याचा, आता एडिनबराच्या गोर्गी भागात राहतो. घरापासून चालत दहा मिनिटांवर टाइनकॅसल पार्क आहे, 'हार्ट ऑफ मिडलोथियन' ऊर्फ हार्ट्स या क्लबचं मैदान. दर महिन्याला माझ्या बँक खात्यातून दहा पौंड 'फाउंडेशन ऑफ हार्ट्स' या चाहत्यांच्या संस्थेकडे जातात. त्याबद्दल मला लाभांश मिळत नाही. एक मत मिळतं.

फुटबॉलचे चाहते 'चढउतार' हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात आणि सगळा घोळ तिथेच होतो.

पहिले चढउतार मैदानावरचे. १९६५ साली लीगच्या शेवटच्या दिवशी किलमार्नॉकचा संघ टाइनकॅसलवर आला. विजेतेपदासाठी त्यांना दोन गोलांच्या फरकाने जिंकणं भाग होतं. ते बरोबर २-० ने जिंकले आणि गोलसरासरीवर लीग घेऊन गेले. मग ३ मे १९८६. हार्ट्सला डंडीच्या डेन्स पार्कवर फक्त बरोबरी हवी होती. त्याआधीच्या सलग २७ लीग सामन्यांत त्यांना कुणी हरवलेलं नव्हतं. शेवटच्या सात-आठ मिनिटांत अ‍ॅल्बर्ट किड नावाच्या बदली खेळाडूने दोन गोल केले. तिकडे सेल्टिकने सेंट मिरनला ५-० ने हरवलं आणि गोलफरकाच्या जोरावर लीग जिंकली. आठवड्याभरात हार्ट्स स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यातही अ‍ॅबर्डीनकडून ३-० ने हरले. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त बसचालक बसतात. ते आजही किडचं नाव घेत नाहीत, 'तो माणूस' म्हणतात.

या दुःखाबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यात कुणी कुणाला फसवलं नव्हतं. अकरा माणसं अकरा माणसांविरुद्ध खेळली आणि हरली. असं दुःख बाप मुलाला देतो, मुलगा नातवाला देतो आणि त्यातूनच क्लब टिकतो.

दुसरे चढउतार हिशेबाच्या वहीतले. ते खेळाचा भाग नाहीत. पण पहिल्यांची सवय झालेला चाहता दुसरेही नशिबाच्या खाती टाकतो. "वर गेलो होतो, आता खाली आलो, चालायचंच." चालायचं नाही! संघ घसरणं ही एक गोष्ट आणि क्लब बुडणं ही दुसरी.

हार्ट्सचंच पाहा. २००४ मध्ये क्लब कर्जात होता. टाइनकॅसल विकून मरेफिल्डच्या रग्बी स्टेडियममध्ये जायचं, असा कारभाऱ्यांचा बेत होता. चाहते चवताळले आणि त्यांना एक तारणहार मिळाला. लिथुआनियातला बँकर व्लादिमिर रोमानोव्ह म्हणाला, मैदान विकणार नाही. २००५ च्या शरद ऋतूत संघ लीगमध्ये पहिल्या क्रमांकावर होता, एकही सामना हरलेला नव्हता आणि तरीही मॅनेजर जॉर्ज बर्ली यांना पद सोडावं लागलं. २००६ मध्ये कप मिळाला. २०१२ मध्ये पुन्हा मिळाला, तोही शहरातल्याच हिब्सना अंतिम सामन्यात ५-१ ने हरवून. त्या विजयाची गाणी आजही म्हटली जातात. त्याच मोसमात खेळाडूंचे पगार थकले होते, याचं गाणं मात्र कुणी केलेलं नाही. २०१३ मध्ये रोमानोव्हची बँक कोसळली आणि जूनमध्ये क्लबवर प्रशासक आला.

'प्रशासक आला' या शब्दांचा अर्थ मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. सहकारी बँकेच्या बंद शटरसमोर पासबुक घेऊन उभी राहिलेली माणसं आपण पाहिलेली आहेत. इथे पासबुकाच्या जागी सीझन तिकीट होतं, एवढाच फरक. शिक्षा म्हणून १५ गुण कापले गेले, नवे खेळाडू घेण्यावर बंदी आली, कोवळ्या पोरांचा संघ मोसमभर झुंजला आणि २०१४ मध्ये खालच्या श्रेणीत गेला.

हा एका माणसाचा दोष म्हणून सोडून देता आला असता, पण २००६ च्या त्या अंतिम सामन्यात समोर कोण होतं? ग्रेटना. इंग्लंडच्या सीमेवरचं जेमतेम तीन हजार वस्तीचं गाव. २००२ मध्ये एअरड्रिओनियन्स हा जुना क्लब कर्जात बुडून बंद पडला, त्याची लीगमधली रिकामी जागा ग्रेटनाला मिळाली. ब्रुक्स माइलसन या उद्योजकाने पैसा ओतला. क्लब लागोपाठ तीन वर्षं वरच्या श्रेणीत चढला आणि २००७ मध्ये देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये पोचला. गावातलं मैदान त्या दर्जाला पुरेना, म्हणून 'घरचे' सामने दूर मदरवेलला खेळावे लागले. मग माइलसन आजारी पडले, पैसा आटला आणि २००८ च्या उन्हाळ्यात क्लब संपला. वर्तमानपत्रांनी याला परीकथा म्हटलं होतं. एका माणसाच्या तब्येतीवर गावाचा क्लब टांगलेला असणं ही कसली परीकथा?

त्याआधीचं उदाहरण हवं असेल तर ग्लासगोच्या दक्षिण भागात कॅथकिन पार्कला जा. १८७२ साली स्थापन झालेल्या थर्ड लॅनार्क क्लबचं हे मैदान. १९६०-६१ च्या मोसमात या संघाने लीगमध्ये शंभर गोल केले आणि तिसरा क्रमांक मिळवला. सहा वर्षांत, १९६७ मध्ये, क्लब कायमचा बंद झाला. सरकारी चौकशीत कारभाराचे वाभाडे निघाले, पण तोवर वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. प्रेक्षकांच्या उभं राहायच्या पायऱ्या अजून तिथे आहेत. त्यांच्यामधून झाडं वाढली आहेत. मी त्या पायऱ्यांवर उभा राहून आलो आहे. संघाचा खेळ वाईट होता म्हणून हे झालेलं नाही.

आणि लहान क्लबांचंच असं होतं, हा समजही खोटा आहे. मे २०११ मध्ये क्रेग व्हाइट यांनी ग्लासगोचा बलाढ्य रेंजर्स क्लब एका पौंडाला विकत घेतला. सोबत बँकेचं कर्ज फेडायचं होतं. त्यासाठी पैसा कुठून आला? चाहते पुढच्या काही वर्षांत जी सीझन तिकिटं घेणार होते, ती एका कंपनीला आधीच विकून. म्हणजे चाहत्यांचा क्लब चाहत्यांच्याच उद्याच्या पैशांनी विकत घेतला गेला आणि मालक मात्र दुसराच झाला! फेब्रुवारी २०१२ मध्ये क्लबवर प्रशासक आला, त्याच वर्षी जुनी कंपनी दिवाळखोरीत निघाली. २०१७ मध्ये ज्युरीने व्हाइट यांना फसवणुकीच्या आरोपातून निर्दोष सोडलं. माझ्या दृष्टीने या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. गुन्हा न करताही हे सगळं होऊ शकतं.

ऑगस्ट २०१२ मध्ये चौथ्या श्रेणीत ईस्ट स्टर्लिंगशरविरुद्धचा रेंजर्सचा सामना पाहायला ४९,११८ माणसं आली. जुना क्लब की नवा, हा न संपणारा वाद मी इथे घालत नाही. मला तो आकडा महत्त्वाचा वाटतो. किराणा दुकानदाराने फसवलं तर आपण दुसऱ्या दुकानात जातो. फुटबॉलचा चाहता जात नाही, त्याला जाताच येत नाही. त्याच्या या न जाण्यावरच सगळा व्यवहार उभा असतो. बँक कर्ज देते, गुंतवणूकदार येतो, नवा मालक एका पौंडाला क्लब घेतो, कारण सगळ्यांना माहीत असतं की ही माणसं पुढच्या शनिवारीही येणार. निष्ठा चाहत्याची, ती गहाण टाकणारा दुसरा आणि जप्ती आली की भुर्दंड पुन्हा चाहत्यालाच.

मग ज्याचं तारण, त्याच्याच हातात किल्ल्या का नकोत?

यावर नेहमीची तीन उत्तरं मिळतात. पहिलं : चाहते भावनाविवश, ते दर पराभवानंतर मॅनेजर बदलतील. पण पहिल्या क्रमांकावरच्या मॅनेजरला घालवणारा चाहत्यांचा जमाव नव्हता, एकटा मालक होता. उलट नोव्हेंबर २०१२ मध्ये करखात्याने तगादा लावल्यावर चाहत्यांनी दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचे शेअर घेऊन क्लब तगवला. ते शेअर कागदाच्या मोलाचेही उरणार नाहीत हे त्यांना दिसत होतं. २०१४ मध्ये एडिनबराच्या उद्योजक अ‍ॅन बज यांनी २५ लाख पौंड घालून क्लब सोडवला. म्हणजे पैसेवाला लागलाच की, असं कुणी म्हणेल. लागला. फरक असा, की येतानाच बाहेर पडायची वाट त्यांनी लिहून दिली होती. चाहत्यांनी महिन्याच्या वर्गणीतून ते पैसे फेडले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये ७५.१ टक्के शेअर फाउंडेशनच्या नावावर झाले. मधल्या काळात नवं मुख्य प्रेक्षागार बांधलं गेलं. २०२० मध्ये करोनाने मोसम अर्धवट थांबला आणि आठ सामने बाकी असताना हार्ट्सना सरासरी गुणांच्या हिशेबाने खाली ढकललं गेलं. संघ घसरला, क्लब बुडाला नाही.

दुसरं उत्तर : वर्गणीच्या पैशांवर सेल्टिक आणि रेंजर्सला गाठता येणार नाही. खरं आहे. पण १९८६ ते २०२५ या चाळीस वर्षांत एकट्या मालकांच्या पैशांवर तरी कोणी गाठलं? प्रत्येक विजेतेपद त्या दोघांकडेच गेलं. आणि किल्ल्या हातात असल्या म्हणजे बाहेरचा पैसा येतच नाही, असंही नाही. २०२५ मध्ये ब्रायटनचे मालक टोनी ब्लूम यांनी जवळपास एक कोटी पौंड देऊन हार्ट्सचे २९ टक्के शेअर घेतले, मताधिकाराशिवाय. आधी सभासदांचं मतदान झालं. हा पाहुणा उद्या घरमालक होऊ पाहील का? पाहीलही. म्हणून तर मत हवं. मदरवेलच्या चाहत्यांनी २०२४ मध्ये ते वापरून दाखवलं. रेव्हन्सक्रेगचा पोलाद कारखाना १९९२ मध्ये बंद पडल्याचं सोसलेलं हे गाव, २००२ मध्ये त्यांच्या क्लबवरही प्रशासक आला होता. अमेरिकेतून गुंतवणुकीचा प्रस्ताव आला, तो घेतला तर चाहत्यांच्या संस्थेचं बहुमत जाणार होतं. त्यांनी हिशेब केला आणि नाही म्हटलं.

तिसरं उत्तर मराठी मित्र देतात आणि ते सगळ्यात बोचरं आहे. "सहकाराच्या गोष्टी आम्हाला सांगू नकोस. सभासदांच्या मालकीचे साखर कारखाने आम्ही पाहिलेत. शेवटी एका घराण्याची खुर्ची आणि लिलावाची नोटीस." हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पण तिथे काय बिघडलं? सभासद मालक होता म्हणून बिघडलं नाही. तो उसाच्या भावापुरता जागा राहिला आणि बाकी पाच वर्षं झोपला म्हणून बिघडलं. वार्षिक सभेत अहवाल न वाचता 'मंजूर, मंजूर' ओरडलं की खुर्ची घराण्याकडे जाणारच. हार्ट्समध्येही हे होऊ शकतं. तीन पराभवांनंतर 'पैसेवाला आणा' म्हणणारा सभासद आणि 'मंजूर, मंजूर' ओरडणारा सभासद सख्खे भाऊ आहेत. मालकी असून न वापरणं हा मालकीविरुद्धचा पुरावा होत नाही.

आणि मालकी अजिबात नसली की काय होतं, हे पुण्या-मुंबईला ठाऊक आहे. महिंद्रा युनायटेड हा राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ कंपनीच्या एका निर्णयाने २०१० मध्ये बंद झाला. बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला आणि त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्या पोरांना कुणी विचारलं नाही. विचारायला ती कुणाची कोण लागत होती?

म्हणून माझं सांगणं सरळ आहे. तुमचा संघ कुठलाही असो, पुढचा करंडक कधी येणार हे मालकाला विचारू नका. तीन प्रश्न विचारा. मैदानाची जमीन कुणाच्या नावावर आहे? क्लब कुणाचं किती देणं लागतो? आणि मालक उद्या कंटाळला, आजारी पडला किंवा बुडाला, तर किल्ल्या कुणाकडे जाणार? उत्तरं मिळेपर्यंत विचारत राहा. संघ जिंकत असताना तर जरूर विचारा, कारण तेव्हाच कुणी विचारत नाही आणि तेव्हाच कर्ज वाढत असतं.