वजन वाढले, पोषण कोठे?

स्त्रियांच्या प्रकृतीविषयी सुशिक्षित समाजात एक सोयीची समजूत रूढ आहे. खेड्यातील स्त्री कृश, कारण तिला पोटभर मिळत नाही. शहरातील स्त्री स्थूल, कारण तिला गरजेहून अधिक मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ मधील आकडे वरवर पाहणाऱ्यास या समजुतीला दुजोरा देणारेच वाटतील. देशाच्या ग्रामीण भागातील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे २१ जणींचे वजन उंचीच्या मानाने कमी भरले. शहरांत अशा १३ होत्या. उलट, जादा वजनाच्या स्त्रिया शहरांत ३३ आणि खेड्यांत २० आढळल्या. परंतु त्याच पाहणीत रक्तक्षय झालेल्या स्त्रियांचे प्रमाण खेड्यांत शंभरी ५८ हून थोडे अधिक, तर शहरांत ५४ च्या आसपास निघाले. वजनात एवढी तफावत आणि रक्तात जवळजवळ बरोबरी! तेव्हा शहरी स्त्रीच्या अंगावर चढलेले मांस हे पोषणाचे लक्षण नव्हे, हे मान्य केल्यावाचून गत्यंतर नाही.

महाराष्ट्राची कथा तर अधिकच बोलकी आहे. २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात राज्यातील कृश स्त्रियांचे प्रमाण २३.५ टक्क्यांवरून २०.८ वर उतरले. पण रक्तक्षयाचे प्रमाण ४८ वरून ५४ टक्क्यांवर चढले. एका काट्यावर प्रगती आणि दुसऱ्यावर अधोगती, याचा अर्थ काय? पोटात पडणारे अन्न वाढले. त्याचा कस वाढला नाही.

याचे प्रत्यंतर पाहण्यासाठी दूर जावयास नको. आमच्या कांदिवलीतच ठाकूर व्हिलेजच्या उंच इमारती आणि दामूनगरची झोपडवस्ती एकमेकींपासून फार दूर नाहीत. इमारतीतील गृहिणीच्या वाट्याला तेल, साखर, मैदा आणि बैठे जीवन येते. वस्तीतून सकाळी चार घरची धुणीभांडी करावयास निघणारी बाई चहा-पावावर किंवा एखाद्या वडापाववर दुपार काढते. पोट भरण्याचा तोच स्वस्त मार्ग आहे. डाळ, पालेभाजी, दूध आणि फळ महाग आहे. दोघींची राहणी वेगळी, पण चौरस आहाराला दोघीही मुकलेल्या. आणि दोन्ही घरी बाईचे ताट बहुधा सर्वांच्या शेवटी वाढले जाते.

कांदिवलीवरून डहाणूकडे जाणारी गाडी ज्या पालघर जिल्ह्यात शिरते, त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला जव्हार-मोखाड्याचे डोंगर आहेत. तेथील आदिवासी स्त्री भाताची लावणी करते, पाणी डोक्यावरून वाहते आणि सुगी सरली की कुटुंबासह वीटभट्टीची वाट धरते. श्रम अपार आणि ताटात मुख्यतः भात नाहीतर नागलीची भाकरी. तेथे उपासमार अजून संपलेली नाही, आणि शहराच्या स्थूलतेची चर्चा करताना तिचा विसर पडणे हा अन्याय होईल.

या दोन स्त्रियांचे नाते पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने स्पष्ट केले आहे. १९९३ मध्ये त्यांनी पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकाचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकाचे ३.५ किलो भरले. तथापि त्या किरकोळ देहातही स्नायूंच्या मानाने चरबी अधिक होती. ज्या मातांच्या आहारात पालेभाज्या व फळे अधिक वेळा असत, त्यांची बालके अधिक भरलेली निघाली. खेड्यातील मातेची उपासमार अशा रीतीने लेकीच्या देहात उतरते, आणि तीच लेक पुढे शहरात बैठ्या जीवनाला लागली की मधुमेह तिच्या दाराशी उभा राहतो. कृशता आणि स्थूलता ही एकाच कुपोषणाची दोन रूपे आहेत, असे आम्ही म्हणतो ते याच कारणाने.

आपले धोरण मात्र अद्याप धान्याच्या मापातच अडकले आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला, हे उपकारकच झाले. पण धान्याने भूक भागते, रक्त भरत नाही. आदिवासी भागात २०१५ पासून चाललेली अमृत आहार योजना गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण देते. दिशा हीच योग्य. परंतु गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत वाढलेले ताट वीस वर्षांची उणीव कशी भरून काढणार? शिधापत्रिकेवर डाळ नियमित मिळावी, किशोरवयापासूनच मुलींच्या आहाराची काळजी घेतली जावी आणि पालिकेच्या दवाखान्यात, गरोदर नसलेल्या स्त्रीचेही वजन व रक्त एकाच वेळी तपासले जावे, एवढी मागणी अवाजवी नाही.

सरकारकडे बोट दाखवून मध्यमवर्गाची जबाबदारी मात्र संपत नाही. घरातील स्त्रीने सर्वांच्या बरोबर पानावर बसावे आणि आपल्या घरी राबणाऱ्या बाईला चहाबरोबर पोटभर, सकस जेवण मिळावे, यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ती सुधारणा आजच्या दुपारच्या जेवणापासूनही सुरू होऊ शकते.