भुताला पडलेले स्वप्न

भयपटांतील गाण्यांना आपल्याकडे कोणी गंभीरपणे घेत नाही. भूत हा पोरखेळ आणि त्याचे गाणे म्हणजे त्याहूनही पोरखेळ, असा सुशिक्षितांचा समज! त्यातून ते गाणे हार्ड रॉक असले, गिटारी करवतीसारख्या चालत असल्या, म्हणजे वडीलधारी मंडळी कानांवर हात ठेवून उठून जातात. मला मात्र ही गाणी निरुपद्रवी, किंबहुना उपकारक वाटतात.

1987 साली अमेरिकेत ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ या भयपटमालेचा तिसरा भाग आला. त्यासाठी डॉकेन या वाद्यवृंदाने ‘ड्रीम वॉरियर्स’ हे गाणे केले. त्याची स्वतंत्र तबकडीही निघाली. त्यातला फ्रेडी क्रूगर झोपेत येऊन मारणारा. चेहरा भाजलेला, हातमोज्याला पाती लावलेली. पण गाण्याच्या चित्रफितीत गंमत अशी, की हे गिटारवाले त्याच्यासमोर असा गजर करतात की तोच मागे हटतो आणि अखेर तोच अंथरुणात किंचाळत जागा होतो. भुताला माणसांचे वाईट स्वप्न पडले होते!

आपल्याकडे हे काम निराळ्या रीतीने, फार आधी झाले. 1949 च्या ‘महल’मधले खेमचंद प्रकाश यांचे ‘आयेगा आनेवाला’ पाहा. सुरुवातीच्या तबकड्यांवर लता मंगेशकरांचे नाव नव्हते, पात्राचे ‘कामिनी’ हे नाव होते. म्हणजे गिऱ्हाईक पैसे मोजून भुताचेच गाणे घरी नेत होते! आवाज दुरून आल्यासारखा वाटावा म्हणून गायिकेला गात गात मायक्रोफोनकडे चालत यायला लावले होते, ही आठवण प्रसिद्धच आहे. आणि एवढ्या थरकापानंतर कळते काय, तर ती माळ्याची मुलगी. ‘बीस साल बाद’ (1962) आणि ‘वह कौन थी’ (1964) यांतही अखेरीस माणसाचाच डाव उघडा पडतो. भूत खोटे निघाले तरी गाणे खरेच उरते.

पुढे रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’मध्ये (1984) सैतान खराच निघाला. त्रिशुळावाचून इलाज नाही. मजा आली, पण गाणी नुसती विरंगुळ्यापुरती राहिली, याचे मला वाईट वाटते.

कारण खरी भीती पडद्यावर नसतेच. एखाद्या बाईला डाकीण ठरवणारे, तापाच्या पोराला दवाखान्याऐवजी देवऋष्याकडे नेणारे भय गावोगाव आहे. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तेव्हा कुठे जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम निघाला. त्या भीतीत तीन तासांनी दिवे लागत नाहीत. भयपट पाहून, त्याचे गाणे शीळ घालत अंधारातून घरी जाणारा पोरगा देवऋष्याच्या हाती सहजी लागायचा नाही, असे माझे मत आहे.

कोजागिरीच्या सुमारास आमच्या तामलवाडीवरून सोलापूरकडचे भाविक तुळजापूरला पायी जातात. रात्री त्यांच्यात कुठे संबळ असला, तर तो आधी दुरून, मग जवळ, मग थेट छातीत वाजतो. ‘महल’ची युक्ती आयतीच! ‘तुंबाड’ने (2018) मराठी मातीतले भय दाखवले, आता कोणीतरी गिटारीशेजारी संबळ ठेवून भुताचे गाणे करावे. गिटार सोलापुरात मिळेल, आणि गोंधळी तर आपल्या घरचेच आहेत.