सापाला परवडणारं घर

अंतरवाली सराटीचं नाव 2023 च्या उपोषणामुळे राज्यभर पोहोचलं. एरवी हे गाव आमच्या अंबड तालुक्यातल्या इतर गावांसारखंच आहे. कापूस, ऊस, रात्री येणारी शेतीची वीज आणि उंदरांच्या मागे घरापर्यंत येणारे साप. या भागातल्या पोरांना अलीकडे एक नवा नाद लागलाय. पहिल्या पावसात बिळात पाणी शिरलं की धामण, कवड्या बाहेर निघतात. कुणीतरी त्यांना पकडतो, प्लास्टिकच्या बरणीत घालतो, झाकणाला खिळ्याने भोकं पाडतो आणि दोन-चार दिवस रील काढत बसतो. त्यातल्याच एखाद्याचा प्राण्यांवर खरोखर जीव असतो. तो विचारतो, "चाचा, घरच्या घरी स्वस्तात सापाची पेटी कशी बनवायची?"

या पोराला हाकलून लावू नये, असं माझं मत आहे. साप दिसला की काठी शोधणाऱ्या गावात हा पोरगा त्याच्या घराचा विचार करतोय. त्याला पूर्ण हिशेब सांगावा.

आधी कायदा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्या रानातला साप पकडून घरात ठेवता येत नाही. अजगरासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते. शहरातले हौशी लोक पाळतात तो बॉल पायथन परदेशी, मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. त्याचीही नोंद 2024 च्या नियमांनुसार सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. कागदाशिवाय विकणाऱ्याकडून घेतलेला साप म्हणजे विकत घेतलेली भानगड.

आता पेटी. मध्यम आकाराच्या बॉल पायथनला निदान चार फूट लांब, दोन फूट रुंद पेटी लागते. प्लायवूडची पेटी, पुढे सरकती काच, तिला कुलूप, बाजूंना हवेसाठी जाळी. आत लपायला दोन जागा, पाण्याचं पसरट भांडं. इथवर गावचा सुतारही करून देईल. खरी अडचण तापमानाची. साप स्वतःचं अंग गरम-थंड करू शकत नाही, तो जागा बदलतो. म्हणून पेटीचं एक टोक एकतीस-बत्तीस अंशांवर आणि दुसरं पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवावं लागतं. थंड देशातल्या माणसाला पेटी गरम करायची चिंता असते, तिथे दिवा लावून भागतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढे जातो, डोक्यावर पत्रा असतो आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो. त्या पत्र्याखाली काचेची पेटी म्हणजे भट्टी. सापाला पळायला थंड कोपरा उरत नाही आणि तो ओरडून सांगूही शकत नाही. शिवाय हा साप वीस-तीस वर्षं जगतो. पोरगा शिकायला संभाजीनगरला, नोकरीला पुण्याला गेला की त्याला उंदीर कोण घालणार? अम्मी?

धामणीचं तर विचारूच नका. सात-आठ फुटांची, दिवसभर शेतं पालथी घालणारी ती. पेटीत ती जाळीवर तोंड घासून घासून रक्तबंबाळ करून घेते. कवड्या छोटा आणि बिनविषारी खरा, पण त्याच्यात आणि मण्यारमध्ये भलेभले फसतात. ती चूक जिवावर बेतते.

हदीसमध्ये एका बाईची गोष्ट आहे. तिने मांजर कोंडून ठेवलं, खायला घातलं नाही आणि जमिनीवरचे किडेमकोडे खायला मोकळंही सोडलं नाही. त्याची तिला सजा झाली. बरणीतली धामण पाहिली की मला ती गोष्ट आठवते. बांधावर उंदरांची रास असताना आपण तिला उपाशी ठेवून तिचे लाइक मोजतो. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीच्या आधी नाग मडक्यांत ठेवत. ती तर पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा होती, तरी उच्च न्यायालयाने जिवंत नाग पकडण्याला मनाई केली. मग रीलसाठी बरणी कशी चालेल?

नीलिमकुमार खैरे 1980 मध्ये पुण्यात 72 विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत 72 तास बसले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. पुढे कात्रजचं सर्पोद्यान त्यांच्याच धडपडीतून उभं राहिलं. ज्याला साप जवळून बघायचाय त्याने तिथे जावं, शिकावं. काचेची गरज लोकांची भीती घालवायला होती, ते काम तिथे होतंय.

मग आमच्या पोराने काय करावं? सापाला परवडणारं घर त्यालाही बांधता येतं, फक्त ते शेताच्या दूरच्या बांधावर. दगडांचा ढीग, दोन-चार बाभळीची खोडं, थोडं गवत न जाळता ठेवलेलं. खर्च शून्य, तापमान साप स्वतः बघतो, उंदीर स्वतः शोधतो. पेटीसाठी जमवलेल्या पैशांत घरच्यांसाठी चांगली बॅटरी आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घ्यावेत, कारण रात्री पाणी द्यायला बापच जातो. सरपण आणि गोवऱ्या भिंतीपासून लांब रचाव्यात, भिंतीची बिळं बुजवावीत. जमिनीवर झोपणाऱ्याला खाट आणि मच्छरदाणी द्यावी, मण्यार रात्रीच चावतो. घरात साप निघाला तर वनविभागाच्या 1926 क्रमांकावर फोन करावा.

हे मी उगाच सांगत नाही. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58 हजार माणसं गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यात बहुतेक आपल्यासारखी, खेड्यात राहणारी. कितीतरी जणांचा वेळ मांत्रिकाकडे गेला. ज्याला सापांची ओळख आहे, ज्याचा शब्द गल्लीत चालतो, असा एक पोरगा चावलेल्या माणसाला थेट सरकारी दवाखान्यात नेऊ शकतो. गावाला त्याच्या पेटीपेक्षा त्याची ही माहिती जास्त हवी आहे.